‘थर्डी’ म्हणजे तीस: परदेशी फोनवरचं इंग्रजी ऐकायला शिकताना

टॉवेल निर्यात करणाऱ्या एका ऑफिसात मी नवी नवी लागले होते. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचा फोन आपल्याकडं रात्री येतो, कारण तिकडं तेव्हा सकाळ असते. त्या दिवशी साडेआठला आला आणि मीच उचलला. समोरच्यानं नमुने मागवले. मला ऐकू आलं ‘थर्ड पीस’. मी नमुन्यांच्या कार्डावरचा तिसरा तुकडा काढला, पाकिटात घातला, कुरिअर केला. आठवड्यानं ईमेल आला, की तीस नग मागितले होते, एक नॅपकिन मिळाला. मालक ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, “कान कुठं ठेवले होते गं?”

कान जागेवरच होते. अमेरिकन माणूस ‘थर्टी’ला ‘थर्डी’ म्हणतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

निर्यातीच्या टेबलावर नव्यानं बसणाऱ्यांसाठी, पुण्यातल्या कंपनीची मुलाखत फोनवर देणाऱ्यांसाठी हा लेख आहे. यात फक्त व्यंजनं घेतली आहेत. स्वरांचा गुंता मोठा असतो, तो पुन्हा कधीतरी. एक गोष्ट आधीच सांगते: कुणाचीही नक्कल करायला शिकायचं नाही. सोलापूरच्या माणसानं फोनवर अचानक टेक्सासचं बोलायला लागणं हे ऐकणाऱ्यालाही अवघड जातं आणि बोलणाऱ्यालाही. आपल्याला दोनच कामं करायची आहेत. कान सगळ्यांसाठी उघडायचा आणि तोंडात तीन-चार ठिकाणी दुरुस्ती करायची. आधी कान, मग तोंड. क्लासवाले नेमकं उलटं करतात.

पायरी १: वर्णमाला बाहेर काढा

पहिलीत पाठ केलेली वर्णमाला हा तोंडाचा नकाशा आहे. क-वर्ग घशाजवळ, च-वर्ग टाळूला, ट-वर्ग जीभ मागं वळवून, त-वर्ग दातांना, प-वर्ग ओठांवर. इंग्रजीचा ‘टी’ या नकाशात आपल्या ट आणि त यांच्या मधे पडतो, म्हणजे वरच्या दातांमागं हिरडीचा जो उंचवटा असतो तिथं. जीभ तिथं न्यायला वेगळा सराव लागत नाही. ‘ल’ म्हणा, जीभ जिथं टेकली तिथंच ठेवा आणि ‘ट’ म्हणा. झाला इंग्रजी ‘टी’. ‘डी’सुद्धा तसाच.

आपला मूर्धन्य, म्हणजे जीभ मागं वळवून म्हटलेला ट ठेवला तरी काही अडत नाही. लोकांना कळतं, बोलणारा भारतीय आहे एवढंच ओळखू येतं, आणि त्यात लपवण्यासारखं काय आहे? ही दुरुस्ती मी ऐच्छिक विषयात टाकते.

पायरी २: ‘टी’ किती तऱ्हेनं ऐकू येतो

इथं जरा थांबू, कारण ऐकण्यातले पुष्कळ घोटाळे या एका अक्षराचे आहेत.

अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन माणूस दोन स्वरांच्या मधला ‘टी’ जिभेच्या एका हलक्या टिचकीनं उडवतो. ‘वॉटर’चं ‘वॉडर’ होतं, ‘क्वॉलिटी’चं ‘क्वॉलिडी’. नीट ऐकलंत तर ती टिचकी ड पेक्षाही आपल्या ‘र’च्या जवळची आहे. ‘बरी’ म्हणताना जीभ एकदाच हिरडीला लागून सुटते, तशीच. म्हणून घाईत बोलणाऱ्याचं ‘बेटर’ आपल्याला चक्क ‘बेरर’ वाटू शकतं. ‘रायटर’ आणि ‘रायडर’ यांत अमेरिकेत फारसा फरक उरत नाही.

पण ही टिचकी कुठंही बसत नाही. शब्दाच्या पुढच्या तुकड्यावर जोर असेल तर ‘टी’ खणखणीत राहतो. ‘थर्टीन’मध्ये जोर ‘टीन’वर पडतो, म्हणून तिथं ट स्पष्ट ऐकू येतो. ‘थर्टी’मध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, म्हणून ‘थर्डी’. ड ऐकू आला तर तीस, ट ऐकू आला तर तेरा. चौदा-चाळीस आणि अठरा-ऐंशी या जोड्यांनाही हेच लागू: ‘फोर्डी’ म्हणजे चाळीस, ‘एडी’ म्हणजे ऐंशी. पंधरा-पन्नासला मात्र ही युक्ती चालत नाही, कारण ‘फिफ्टी’त टी च्या आधी ‘एफ’ येतो आणि टिचकी वाजत नाही. तिथं विचारूनच घ्यावं लागतं.

‘एन’नंतरचा टी तर अमेरिकेत पुष्कळदा गायबच होतो. ‘ट्वेंटी’चं ‘ट्वेनी’, ‘इंटरनेट’चं ‘इनरनेट’, ‘क्वांटिटी’चं ‘क्वॉनिडी’. आणि ज्यावर आपलं पोट आहे तो शब्द, ‘कॉटन’: त्यातला टी म्हणताना ते घसा क्षणभर बंद करतात आणि थेट ‘न’वर उतरतात, ‘कॉ-न्’. ‘कर्टन’ आणि ‘बटन’चीही तीच गत.

घसा बंद करणं म्हणजे काय, असं नवी मुलं विचारतात. लहान बाळ औषध नको म्हणून ‘अं-अं’ करतं ना, त्या दोन ‘अं’च्या मधे घसा मिटतो. तेच. लंडनच्या साध्या बोलीत ही सवय आणखी पुढं गेलेली आहे. तिथं ‘बॉटल’ची ‘बॉ-ओ’ होते, ‘वॉटर’चं ‘वॉ-अ’. ग्लासगोतही हे सर्रास ऐकू येतं. म्हणजे तीन गिऱ्हाइकांकडून एकच पाणी ‘वॉडर’, ‘वॉटअ’ आणि ‘वॉ-अ’ असं येतं, आणि आपण मात्र शांतपणे ‘वॉटर’च म्हणायचं.

कानाला ही सवय लावायची सगळ्यात स्वस्त शाळा म्हणजे क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री. सप्टेंबर २०२१ पासून क्रिकेटच्या नियमांत ‘बॅट्समन’ऐवजी ‘बॅटर’ शब्द आला. ऑस्ट्रेलियन समालोचक तो ‘बॅडअ’ म्हणतो, इंग्लंडचा ‘बॅटअ’, आपला ‘बॅटर’. टीव्हीकडं पाठ करून दहा षटकं ऐका आणि कोण बोलतंय ते ओळखा. आमच्या घरी यावर पैजा लागतात, हरणाऱ्यानं भज्यांचे पैसे द्यायचे.

पायरी ३: ‘आर’ कधी खातात, कधी फुकट देतात

इंग्लंडचा बराचसा भाग, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका इथं ‘आर’च्या पुढं स्वर नसेल तर तो उच्चारत नाहीत. ‘मार्केट’ होतं ‘माऽकिट’, ‘कलर’ होतो ‘कलऽ’. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी, स्कॉटलंडमध्ये, आयर्लंडमध्ये तो ठणठणीत असतो. अमेरिकन आर म्हणताना जीभ आत गोळा होते, कुठं टेकत नाही. जुन्या वळणाच्या स्कॉटिश माणसाचा आर मात्र आपल्या ‘र’सारखा जिभेचा फटका मारून येतो. मला स्कॉटिश आवाज फोनवर आला की माहेरचं कुणीतरी बोलतंय असं वाटतं.

आपल्या गावाच्या नावावर हे छान बघता येतं. इंग्लंडचा माणूस एकटं ‘सोलापूर’ म्हणेल तेव्हा शेवटचा र जवळजवळ ऐकूच येणार नाही. तोच ‘सोलापूर ऑफिस’ म्हणाला की पुढं स्वर आल्यामुळं र परत उगवतो. या सवयीचा पुढं अतिरेक होतो आणि जिथं आर नाहीच तिथंही तो टपकतो. ‘इंडिया अँड’चं ‘इंडियर अँड’ होतं. स्पेलिंगमध्ये शोधत बसू नका, तो तिथं नाही.

आणि हा प्रकार शिकल्या-न शिकलेल्याचा नाही, रिवाजाचा आहे. न्यूयॉर्कमध्ये १९६२ साली विल्यम लबोव या भाषाशास्त्रज्ञानं तीन मोठ्या दुकानांत फिरून विक्रेत्यांना मुद्दाम चौथ्या मजल्यावरच्या वस्तूचा पत्ता विचारला, म्हणजे उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ यावं. दोन शब्दांत दोन आर. महागड्या दुकानातले विक्रेते आर जास्त म्हणत होते, स्वस्तातले कमी. नवी पेठेतल्या कपड्यांच्या दुकानांतही असला काही प्रयोग करता येईल, फक्त चौथा मजला शोधावा लागेल. गंमत अशी की न्यूयॉर्कमध्ये आर म्हणणं प्रतिष्ठेचं, तर इंग्लंडात तो गाळणं प्रतिष्ठेचं. मग आपण काय करावं? आपला र आहे तसा ठेवावा. अर्ध्या जगाला तो ओळखीचा आहे आणि उरलेल्या अर्ध्याला त्याची अडचण होत नाही.

पायरी ४: ‘टीएच’ची काळजी सोडा

जीभ दातांच्या फटीत ठेवून हवा सोडायची, हा ‘टीएच’चा पुस्तकी उच्चार. आपण त्याजागी थ आणि द म्हणतो. आयर्लंडमधले कितीतरी लोक जीभ दातांना टेकवून आपल्या त-द च्या फार जवळचा आवाज काढतात, आणि त्यांची तर ती रोजची भाषा आहे. लंडनच्या बोलीत ‘थ्री’चं ‘फ्री’ होतं, ‘ब्रदर’चं ‘ब्रव्हर’. त्यामुळं तिथल्या कुणी ‘बाफ टॉवेल’ मागितला तर नवा प्रकार समजू नका, बाथ टॉवेलच आहे.

विमानवाल्यांनी तर हा त्रास नियमानंच मिटवला. वैमानिकांच्या रेडिओवर तीनला ‘ट्री’ म्हणायचं ठरलेलं आहे, पाचला ‘फाइफ’ आणि नऊला ‘नाइनर’. खराखरा वाजणाऱ्या रेडिओवर टीएच आणि व्ही तग धरत नाहीत, हे त्यांना कधीच कळलं होतं.

पायरी ५: आता तोंड. व्ही आणि डब्ल्यू

हे मात्र सुधारावंच लागतं. आपला ‘व’ या दोघांच्या मधला आहे. ओठ दातांजवळ जातात, पण धड टेकत नाहीत, आणि गोलही होत नाहीत. परिणामी ऐकणाऱ्याला कधी व्ही वाटतो, कधी डब्ल्यू.

मराठीनं लिहिताना यावर एक तोडगा काढला: डब्ल्यूला ‘व’, व्हीला ‘व्ह’. वॉटर आणि व्हॅन. पण त्यातच एक सापळा आहे. इंग्रजीत डब्ल्यूपुढं एच आला की आपण त्यालाही ‘व्ह’ लिहितो: व्हाइट, व्हॉट, व्हॉट्सॲप. हे सगळे उच्चारात डब्ल्यू आहेत. स्कॉटलंड आणि आयर्लंडमधले काही लोक त्यात आधी ह फुंकतात, पण दात ओठांना तेही लावत नाहीत. म्हणून ‘व्हाइट व्हेलूर’ (व्हेलूर म्हणजे मखमलीसारखं कापड) लिहिलं तर डोळ्यांना दोन्हीकडं एकच अक्षर दिसतं, तोंडाला मात्र दोन वेगळी कामं करायची असतात.

डब्ल्यूसाठी आधी ‘ऊ’ म्हणा, ओठांचा चंबू करून, आणि तिथून पुढच्या स्वरावर घसरा: ऊ-एस्ट, वेस्ट. ऊ-आइट, व्हाइट. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठावर खरोखर टेकवा आणि घशातून आवाज काढत राहा. ओठाला गुदगुल्या झाल्या तर जमलं. आरशासमोर करा. ‘वीव्ह’ हा शब्द आमच्या धंद्यानं दिलेली देणगी आहे, त्यात सुरुवातीला डब्ल्यू आणि शेवटी व्ही. ‘वोव्हन’मध्येही सुरुवातीला डब्ल्यू, फक्त व्ही मधे. मी नव्या मुलींना ‘वोव्हन व्हाइट व्हेलूर’ दहा वेळा म्हणायला लावते. आजूबाजूचे हसतात. हसू द्या.

पायरी ६: ‘पाइल’ की ‘बाइल’

याकडं कुणाचं लक्षच जात नाही, आणि बोलण्यातले घोटाळे तर याचेच जास्त होतात. आपल्याकडं प आणि फ, क आणि ख ही स्वतंत्र अक्षरं आहेत. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे पी, टी, के हवेच्या फुंकरीसह येतात. ती फुंकर नसेल तर इंग्रजी कान त्याला बी, डी, जी समजतो. टेरी टॉवेलवर जे धाग्याचे फासे उभे असतात त्यांना ‘पाइल’ म्हणतात. आपल्या कोरड्या ‘प’नं ते म्हटलं तर ऐकणाऱ्याला ‘बाइल’ ऐकू येऊ शकतं, म्हणजे पित्त. ‘पॅक’चं ‘बॅक’ होतं, ‘कार्ड’चं ‘गार्ड’.

किराण्याच्या बिलाची पट्टी तोंडासमोर चार बोटांवर धरा. ‘पाइल’ म्हणताना कागद फडफडला पाहिजे. दोन्ही ओठ मिटून सुरुवात करायची, ‘फळ’ शब्द जुनी माणसं म्हणतात तसा. दात ओठाला लावलेत तर ‘फाइल’ होईल आणि गिऱ्हाईक कागदपत्रं मागेल. आता ‘स्पिनिंग’ म्हणा. इथं कागद हलता कामा नये. ‘एस’नंतर ती फुंकर इंग्रजीतही नसते, त्यामुळं स्पिनिंग, स्टिच, स्कर्ट यांत आपला कोरडा प-ट-क अगदी बरोबर आहे.

ज्यांच्याशी बोलताय ते फ्रेंच किंवा स्पॅनिश असतील तर ही काळजी नको, त्यांचा प आपल्यासारखाच कोरडा.

पायरी ७: घरची भाषा तपासा

सोलापुरात एकाच क्लासला चार घरांतली मुलं येतात आणि चौघांची अडचण चार तऱ्हेची असते. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत किंवा कन्नड घरांत झेड नसतो, ‘झिरो’चा ‘जीरो’ होतो. शब्दाच्या सुरुवातीला ‘ए’ आला की आधी य चिकटतो, ‘एम’चं ‘यम्’. व्यंजनावर संपणाऱ्या शब्दाला उ लागतो, ‘बस्सु’. दखनी उर्दू बोलणाऱ्यांना ‘ज़मीन’चा ज़ आयता असतो, स्कॉटलंडच्या ‘लॉख’ शब्दातला घशाचा ख़ही. पण काही घरांत ‘स्कूल’चं ‘इस्कूल’ होतं. मराठी घरात ‘जहाज’चा ज असतो, पण त्यात जीभ आधी टेकते. झेडला ती टेकवायची नाही. ‘स’ लांबवा आणि मधमाशीसारखा घशातून आवाज द्या. ‘मेझर’मधला आवाज हवा असेल तर तेच ‘श’वर करा.

शेजारच्याला नावं ठेवण्याआधी त्याच्याकडून एक आवाज उसना घ्यावा. मी झेड शिकले तो बेगम पेठेतल्या मैत्रिणीकडून, कुठल्या पुस्तकातून नाही.

पायरी ८: किरकोळ, पण फोनवर नडतं ते

‘टॉवेल’च्या शेवटचा ‘एल’ लंडनमध्ये विरघळून ‘टाउओ’ होतो. ‘एच’ तिथं आणि यॉर्कशायरमध्ये गळतो, ‘हँड टॉवेल’चा ‘अँड टॉवेल’. त्यामुळं यादीत आणखी काहीतरी यायचंय असं वाटून आपण वाट बघत बसतो. ‘ड्यू डेट’ अमेरिकेत ‘डू डेट’, इंग्लंडात पुष्कळदा ‘जू डेट’; ‘ट्यूझडे’ तसाच ‘टूझडे’ आणि ‘चूझडे’. ‘शेड्यूल’ला अमेरिकन ‘स्केजूल’ म्हणतो. ‘झेड’ला ‘झी’. ‘सिंगर’मध्ये पुस्तकाप्रमाणं ग नाही आणि ‘फिंगर’मध्ये आहे. आपण दोन्हींत ‘शेंगा’सारखा ग म्हणतो. बर्मिंगहॅम, मँचेस्टर आणि लिव्हरपूलचे लोकही तेच करतात, तेव्हा सोडून द्या.

पायरी ९: फोन ठेवण्यापूर्वी

कान कितीही तयार झाला तरी लाइन खराब असते, यंत्रमागाचा आवाज भिंतीतून येत असतो. म्हणून आकडा आणि नाव यांच्या बाबतीत कानावर भरवसा ठेवायचा नाही. नावाची अक्षरं सुटी करून सांगा: व्ही फॉर व्हिक्टर, डब्ल्यू फॉर विस्की, पी फॉर पापा, बी फॉर ब्राव्हो. ही यादी छापून फोनशेजारी चिकटवून ठेवा. विस्की म्हणताना लाजणाऱ्या एका मुलीनं ‘डब्ल्यू फॉर विठ्ठल’ सांगितलं होतं. समोरच्या माणसानं ते व्ही लिहून घेतलं, आणि त्याचं बरोबरच होतं.

आकडा परत विचारताना ‘थर्टी?’ असं विचारू नका, तो पुन्हा ‘थर्डी’च म्हणेल. अंक सुटे करा. माझ्या टेबलावर आज जी मुलगी बसते ती हेच करते. काल रात्री तिच्या कानावर ‘एडी’ आलं. तिनं एक क्षण थांबून विचारलं, “एट-झिरो ऑर वन-एट?” पलीकडून उत्तर आलं, “एट-झिरो.” तिनं वहीत ८० लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि चहा सांगितला.